परड्याच्या कुंपणावरची लुगडी

सन २००३च्या फेब्रुवारीतील पहिल्या सोमवारी, दुपारी तीनच्या सुमारास, कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर गडहिंग्लजच्या गाडीची वाट पाहत असता, शेजारच्या बाकावरील वृद्ध शंकरप्पा आणि त्यांची गरोदर कन्या दानेश्वरी यांचे पुढील संभाषण माझ्या कानी पडले. शब्दांत मी फेरफार केलेला नाही; ‘अव्वा’ म्हणजे आई.

“आप्पा, अव्वा जाऊन वरीस न्हाई झालं. बाळाची वाकळ शिवायला तिची लुगडी ठेवा म्हनलं हुतं. काल रातच्याला घरी येऊन पेटी उघडली, तर रिकामी!”

“परड्याच्या कुंपनाला बांधली की.”

“समदी?”

“समदी. तुझ्या अव्वानं लावलेला पावटा रानडुकरं मुळासकट उकरत हुती. शेजारचा पिराजी म्हनला, फास लाव. माझा हात धजला न्हाई. मुकं जनावर, पोटासाठी येतंय. मानसाच्या कापडाचा वास आला की मागं फिरतंय, म्हून बांधली.”

“मग तुमची धोतरं बांधायची!”

“मला कोन भितंय? धाक तुझ्या अव्वाचा. मी बी भ्यायचो की.”

“थट्टा नको, आप्पा. एक तरी सोडून आना.”

“परवा बघितलं, पोरी. उन्हानं इरली, वाऱ्यानं चिंध्या झाल्या. इरकली लुगड्याचा काठ तेवढा ऱ्हायलाय.”

“आन् डुकरं?”

“एक बी फिरकलं न्हाई. पाटीभर पावटा निघाला. तुझ्यासाठी आनलाय, ह्या पिशवीत हाय.”

“पावटा बाजारात बी मिळतोय. चुकलं तुमचं, आप्पा.”