कणगीमागचा हात

भावेश : एका मिनिटाचं काम आहे. मी काच काढतो, तू आपल्या मेघालीचा हात तांदळाच्या पिठात बुडव आणि लाव तिथं भिंतीवर. आईला चष्म्यातून काय कळणार आहे?

वैशाली : मला नाही जमणार.

भावेश : चंद्राताई गेली तेव्हा सहा वर्षांची होती. मेघाली पण सहाचीच. तेवढाच हात.

वैशाली : म्हणूनच नाही जमणार.

भावेश : मग काय जमणार? चार दिवस भिंतीसमोर टेबल फॅन लावून बसलीस. सुकल्यावर दिसेल, सुकल्यावर दिसेल. दिसला?

वैशाली : पिठाचा पांढरा रंग वार्निश पिऊन टाकतं, हे मला कुठं माहीत होतं? ब्रश फिरवला तेव्हा वाटलं, ओलं आहे म्हणून दिसत नाही.

भावेश : मुळात वार्निश मारायला सांगितलं कोणी?

वैशाली : अहो, कणगी कोणी हलवली? जमीन गोदामाला गेली, भात येत नाही, रिकामी कणगी कशाला अडचण, असं तुम्हीच म्हणालात. मागं भिंतीवर चंद्राताईंचा तो पिठाचा हात निघाला. फ्रेम कर, वर फोकस लावू, सगळ्या स्लॅबच्या घरात आईची ही एक मातीची भिंत पाहुण्यांना दिसू दे, हेसुद्धा तुम्हीच म्हणालात. आणि रस्त्यावरून गोदामाचा कंटेनर गेला की भिंत हादरून पीठ झडायचं. रोज झाडू मारताना चिमूटभर चुरा निघायचा. तो थांबवायला गेले मी.

भावेश : साला एक फोटो पण नाही.

वैशाली : सगळे बघितले. बारशाचे, आपल्या हळदीचे. त्या जागी सगळीकडे कणगीच आहे. फोकस लागला की काढू म्हटलं होतं.

भावेश : रिक्षा थांबली. ऐक, ओल आली म्हणून सांगतो. तू मधे बोलू नकोस, मला ड्युटीवर पण जायचंय.

(ठकुबाई पिशवी घेऊन ओटीवर येते.)

ठकुबाई : आंबाडीला काय गरमी गो. बहीण सोडीत नव्हती, पन मनाच घाई. मेघाली कुठं हाय?

वैशाली : शाळेत गेलीय. बसा आई, चहा टाकते.

ठकुबाई : ऱ्हाऊ दे चहा. भावेश फोनवर बोलला, फ्रेम झाली. सगळ्या आळीला सांगून आले, सुनेनं माझे पोरीचा हात काचेत बसवलाय. दिवा लाव ना, बघू दे.

भावेश : आई, आधी पाणी पी. त्या भिंतीला ना, ओल आली जरा.

ठकुबाई : ओल? ऐन उन्हाळ्यात?

भावेश : मागून कुठून तरी पाणी आलं असेल.

वैशाली : ओल नाही आली, आई.

भावेश : वैशाली…

वैशाली : मी वार्निश मारलं. हात टिकावा म्हणून मारलं, आणि तो गेला.

ठकुबाई : गेला म्हंजे?

वैशाली : दिसत नाही. या, तुम्हीच बघा.

ठकुबाई : लाकूड चांगला लावलाय. काच पन साफ हाय… ह्यात तर काय न्हाय.

वैशाली : नाही.

ठकुबाई : जवळून?

वैशाली : जवळूनही नाही. बॅटरी मारून पाहिलं, बोटानं चाचपून पाहिलं.

भावेश : आई, मी मेघालीचा हात लावून घेतो ना तिथं.

ठकुबाई : मेघाली जिती हाय. तिला कशाला भिंतीवर बसवतो?

भावेश : तसं नाही गं…

ठकुबाई : वाघबारस व्हती. मी कणगीवर पिठाचे हात मारीत व्हते. ती मागं लागली, मी पन, मी पन. कणगीवर मार सांगितला, तर भिंतीवर मारला. नुकतीच गेरूनं सारवलेली भिंत. मी दोन धपाटे घातले तिला. दिवाळी सरली न्हाय तोवर तापानं गेली. मग कणगी आणून पुढं लावली, कोनाचा हात लागू नये म्हनून. तिथं कधी सारवला न्हाय मी.

वैशाली : आई, काहीतरी बोला मला. शिव्या द्या.

ठकुबाई : तुला काय बोलू? तू काय मुद्दाम केला? मना एक सांग. ब्रश मारताना तू जवळ व्हतीस ना?

वैशाली : हो.

ठकुबाई : मग बोटा कशी व्हती? फाकवलेली का एकाला एक लागून?

वैशाली : …मी ब्रशकडे बघत होते, आई. ओघळ येऊ नये म्हणून.

ठकुबाई : भावेश, तू?

भावेश : मी लाईटचं माप घेत होतो.

ठकुबाई : डावा हात व्हता का उजवा, ता तरी?

वैशाली : आई, तुम्हाला तर माहीत असेल. तुमच्यासमोर मारला चंद्राताईंनी.

ठकुबाई : न्हाय गो. भिंतीवर हाय म्हनून कधी ध्यानात ठेवलाच न्हाय.