आत गेलेल्यांची नावं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा डॉ. शोभनाताई, व्यासपीठावरचे आमच्या मंडळाचे पदाधिकारी, दम्मामहून मुद्दाम आलेले पाहुणे, ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातलाय ते सत्कारमूर्ती दत्तात्रय खैरनार, त्यांच्या शेजारी बसून एक अक्षर न कळता मनापासून टाळ्या वाजवणारा मुआज, आणि बिर्याणीचा वास सुटल्यापासून चुळबुळ करणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी हाशम मुकादम. मूळचा दापोलीकडचा, इथे जुबैलमध्ये किराणा मालाचं दुकान. भाषण हा काही माझा प्रांत नाही. आमच्या बायकोने, मुन्नीने, घरून निघतानाच बजावलंय, लांबवू नका आणि रडू नका. पहिलं जमेल असं वाटत नाही. दुसऱ्याबद्दल अल्ला जाणे.

दत्ताभाऊ परवा फायनल एक्झिटवर, म्हणजे कायमचे, चाललेत. का चाललेत, हे या हॉलमध्ये कुणाला सांगायला हवं का? परक्यांच्या जागी सौदी माणूस बसवायच्या त्या सौदायझेशनच्या यादीत आज यांची खुर्ची आली, उद्या माझ्या दुकानाचा गल्ला येईल. यांची खुर्ची आता मुआजची. पण त्याला शिकवलं कुणी? दत्ताभाऊंनीच, आणि मन लावून. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, स्वतःच्या हाताने स्वतःचं तिकीट काढताय!" तर म्हणाले, "हाशमभाई, टाकीत उतरणारी माणसं तीच राहणार ना? त्यांच्यावर नजर ठेवणारा शहाणा नको?"

आता ही टाकी म्हणजे काय, ते समोरच्या भगिनींसाठी सांगतो. प्लांटमधल्या मोठाल्या टाक्या साफ करायला माणसं आत उतरतात. आत हवा कमी, वायू जास्त. दत्ताभाऊ सेफ्टी सुपरवायझर, तोंडाशी उभे. त्यांचा एक नियम होता. बाहेर आलेल्या प्रत्येकाने वायरलेसवर स्वतःचं नाव घ्यायचं आणि पुढे म्हणायचं, खलास. 'अली, खलास.' 'इसहाक, खलास.' म्हणजे माझं काम संपलं, मी सुखरूप बाहेर आहे. दुसऱ्याने तुमचं नाव घेतलेलं चालायचं नाही. आणि जितके आत गेले तितकी नावं आल्याशिवाय झाकण बंद नाही, मग साहेब कितीही ओरडो.

हाच नियम या गृहस्थांनी घरीही लावला! नंदावहिनी डोक्याला हात लावायच्या. शाळेतून आलेली पोर दारातूनच ओरडायची, "सुखदा, खलास!" आमच्या मजल्यावर सगळ्यांना कळायचं, खैरनारांची सुखदा घरी आली. पुढे घरातल्या माणशी दरमहा भरायच्या फॅमिली फीचं लचांड आलं आणि इतरांसारखे हेही कुटुंब नाशिकला ठेवून एकटे राहिले. तिकडे पोरगी सह्याद्रीत चढायला लागली. सह्याद्री पुरेना म्हणून हिमालय, आणि उन्हाळ्यातला हिमालय पुरेना म्हणून भर थंडीतला.

आणि इथे बाप! ज्याने उभ्या जन्मात बर्फ पाहिला तो फ्रिजमधला, तो माणूस हिमस्खलनाचा अभ्यास करायला लागला. मी दुकानात साखर मोजायला घेतली की हात धरायचे. म्हणायचे, "जुन्या बर्फात असा साखरेसारखा भुसभुशीत थर तयार होतो. त्याच्यावर वाऱ्याने नवा बर्फ आणून टाकला की लादी बसते. वरून कशी छान घट्ट दिसते! पण खाली काही धरलेलं नसतं, हाशमभाई. एका माणसाच्या पावलाने अख्खा उतार सुटतो." मी म्हणायचो, दत्ताभाऊ, गिऱ्हाईक खोळंबलंय.

एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे. बर्फ पडत असताना कुणी तंबूबाहेर पडत नाही. खरी भीती वादळानंतरच्या पहिल्या स्वच्छ दिवसाची. आकाश निळंशार, ऊन पडलेलं, माणूस कंटाळलेला, आणि बर्फ अजून बसायचा असतो. एकदा म्हणाले, "इथे माझी सही नसेल तर वेल्डिंगची ठिणगी पडत नाही. आणि माझ्या पोरीला मी एक दिवस थांब म्हणू शकत नाही. तिथे फोनच लागत नाही." या माणसाला इतकं हतबल झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

याच हिवाळ्यात सुखदा आणि तिची मैत्रीण चित्रा हिमाचलात होत्या. वरच्या कॅम्पवर दोघीच, बाकीचे खाली बेस कॅम्पवर. आठवडाभर बर्फ पडला. शुक्रवारी उघडलं. जुम्याची नमाज आटपून मी घरी आलो तर दत्ताभाऊ आणि मुआज आमच्याकडे बसलेले, मुन्नीने केलेलं सुरमईचं कालवण समोर निवत चाललेलं. तेवढ्यात नाशिकहून सुखदाच्या गिर्यारोहण क्लबच्या रोहनचा फोन. दत्ताभाऊंनी स्पीकरवर घेतला. "काका, त्यांच्या वाटेवरचा उतार सुटलाय. बाकी काही कळत नाही."

दत्ताभाऊंचा पासपोर्ट इकाम्याच्या, इथल्या राहण्याच्या परवान्याच्या, नूतनीकरणासाठी ऑफिसच्या कपाटात. ऑफिसला सुट्टी. देशाबाहेर जाऊन परत यायला लागतो तो एक्झिट री-एंट्रीचा शिक्का नाही. मुआजने एकेका साहेबाला फोन लावले, एकाशी गोड बोलला, दुसऱ्यावर ओरडला, शेवटी हात जोडल्यासारखं बोलायला लागला. उत्तर एकच, बुकरा. उद्या. तो उद्या आपण सगळ्यांनी पाहिलाय. मुआजचे डोळे भरून आले हो! त्याच्याच देशात त्याचंही काही चालेना. आणि समजा शिक्का मिळाला असता, तरी हा बाप तिथे पोहोचून करणार काय होता? हाताने बर्फ उकरणार होता?

मग रोहनचा दुसरा फोन. पोरगा हमसून रडत होता. "काका, बेस कॅम्पचा माणूस रेंजसाठी खालच्या गावापर्यंत चालत आला. दोनच शब्दांचा निरोप आहे. सुखदा खलास."

मंडळी, हा शब्द आपण दिवसातून किती वेळा वापरतो? सामान भरलं, खलास. हिशोब झाला, खलास. पण नाशिकच्या पोराला त्याचा एकच अर्थ ठाऊक. मुन्नीने ओढणी तोंडात कोंबली. आणि मुआज? तो अरबी कानाने ऐकत होता. त्याचा चेहरा उजळला. "खलास? अलहम्दुलिल्लाह!"

दत्ताभाऊ उभे राहिले. आवाज अगदी टाकीच्या तोंडाशी असायचा तसा. "रोहन, रडू नकोस. नीट सांग. हे तो माणूस म्हणाला, की वायरलेसवर आलं?"

"वायरलेसवर आलं म्हणे, काका. बाईच्या आवाजात."

दत्ताभाऊ मटकन खाली बसले. "पोरगी बाहेर आली," म्हणाले. "स्वतःचं नाव स्वतः घेतलंय तिने." काय सांगू तुम्हाला! आम्ही तिघे एकमेकांच्या गळ्यात पडलो. मुन्नीने खजूर आणला आणि दत्ताभाऊंच्या तोंडात कोंबला. त्यांनी चावायला सुरुवात केली आणि थांबले.

"हाशमभाई," म्हणाले, "दोघी आत गेल्या होत्या."

मी लगेच म्हटलं, "अहो, चित्राला कुठे माहीत तुमचा नियम? तिने नसेल म्हटलं." त्यांनाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. मग नंदावहिनींचा फोन आला. निरोपाचा अर्थ वहिनींना सांगायची गरजच नव्हती, त्या इतकी वर्षं इथेच राहिलेल्या. त्या कुजबुजत होत्या. "अहो, चित्राची आई माझ्याजवळ बसलीय. म्हणते, तुझी सुखरूप आहे ना, मग माझीही असेल. मी काय बोलू?" दत्ताभाऊंनी फोन माझ्याकडे दिला.

सुखदा खाली आली तेव्हा बोलली. नियमाप्रमाणे उतार एकेकीने ओलांडायचा होता. आधी ती गेली, पलीकडच्या खडकाशी पोहोचली, वायरलेसवर नाव घेतलं. मग चित्रा निघाली. दत्ताभाऊंनी फोनवर विचारलं, "तिला आपला शब्द माहीत नव्हता ना गं?" सुखदा म्हणाली, "माहीत होता, बाबा. मीच शिकवला होता. या वेळी मलाही म्हणायचंय, म्हणाली होती. उतार सुटला तेव्हा ती मधोमध होती."

चित्रा अजून तिथेच आहे. पुढच्या महिन्यात बर्फ वितळायला लागेल तेव्हा क्लबची मुलं तिला आणायला जाणार आहेत. सुखदाही जाणार. वितळणारा बर्फही कमी धोक्याचा नसतो, हे मला आता दुकानात बसून कळतं. दत्ताभाऊंनी पोरीला थांब म्हटलं नाही. एवढंच म्हणाले, मी येतो. म्हणजे आमचे सत्कारमूर्ती घरी जाऊन पाय पसरून बसणार नाहीत. बेस कॅम्पवर वायरलेस घेऊन बसणार आहेत, गेलेल्यांची नावं ऐकायला. एक नाव कमी येणार, हे माहीत असून.

असो. मुन्नी खुणा करतेय. शोभनाताईंनी मला वेळ दिला, मंडळाने मान दिला, मुआजने दत्ताभाऊंच्या खुर्चीला मान दिला, सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या ओघात आनंदाच्या प्रसंगी नको ते बोललो असेन, कुणाचं नाव राहिलं असेल, तर या दुकानदाराला पदरात घ्या.

दत्ताभाऊ, एक मागणं आहे. तुम्हीही एका टाकीतच उतरला होतात हो, ऐन तारुण्यात. परवा नाशिकच्या दाराशी पोहोचलात की आत जायच्या आधी उंबऱ्यावर उभे राहा आणि वहिनींना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणा, "दत्ता, खलास." मग मला फोन करा, तिथूनही म्हणा.

आम्ही मोजतोय. आम्ही अजून आत आहोत.