दारफळणीचं दार

निजामाच्या वेळी आमच्या जळकोटात दानियलभाऊ कंपाउंडर होते. गावात यहुद्यांचं घर तेवढं एकच. एका सकाळी त्यांचं दार उघडलंच नाही. हाका मारल्या, जबाब नाही. दिवस धामधुमीचे, त्यात घरात नवराबायको दोघंच. मी खांदा लावला आणि दार बिजागरीसकट आत पाडलं.

आत दोघं पांढऱ्या कपड्यांत, धडधाकट, प्रार्थना करत बसलेले.

"अरे, आज आमची दारफळणी," भाऊ कळवळून म्हणाले. "दार लावून, उपाशी राहून देवाची माफी मागायची. चांदणी दिसेपर्यंत कुणाचं तोंड बघायचं नाही. आता उघड्या घरात सण कसा पाळू?"

सुतार शोधला, तर तो अणदूरच्या बाजाराला गेलेला. मग काय, घराकडं पाठ करून मीच चौकटीत बसलो.

दुपारी पाटील आले. "कंपाउंडर हायत का रं?"

"दार बंद हाय, पाटील. उद्या या."

"कुठंय दार?"

"हे काय, तुमच्याशी बोलतंय."

जागचं हलता येईना, त्यामुळं उपास मलाही घडला. चांदणी दिसली तशी पाठीवर टकटक झाली.

"उघड आता," भाऊ म्हणाले. "माफी मागून झाली. तुझ्याही वाटची मागितलीय."