इंजिनाचं माहेरपण

मंडळी, पावसाची उघडीप बघून तुमी सगळे नंदिगड्ड्याच्या या शाळेत जमलासा. कुंभारवाड्यास्नं चालत आलेली माणसं बी हायत. मी शेवंता, नारूअण्णाची धाकटी बहीण. मला सभेत बोलाय येत न्हाई. पण बोलल्याबिगर सासरला परत जाववंना.

अण्णा कारवारच्या बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली, की दत्तूभावच्या होडीच्या पाठीला लावायचं इंजिन जीपमधनं घाट चढून वर घरी आणायचा. दत्तूभाव हितंच बसल्यात, खांबाजवळ. त्याच सुमाराला मी पंचमीला माहेरी यायची. आणि चुलीजवळची उबेची जागा कुणाची? इंजिनाची. मी रुसायची. माहेरवाशीण मी का ते, म्हणायची. अण्णा हसायचा. "दोघी बी. वर्षभर खाऱ्या पाण्यात राबती ती. चार दिवस गोडं पाणी पिऊ दे की."

एका वर्षी तर गंमतच झाली. इंजिन चुलीजवळ, आणि बरोबर वर माळ्यावर मिठाचं मडकं. पावसाळी हवेत मिठाला पाणी सुटलं, थेंब थेंब खाली. समुद्रापास्नं पळवून आणलेलं इंजिन आमच्या घरच्या मिठानं गंजलं. अण्णानं कपाळाला हात लावला आणि मडकं शेजारी नेऊन ठेवलं. त्या पावसात पारूवैनी रोज आपलंच मीठ शेजारी मागाय जायची.

घरामागच्या ओढ्याचं, व्हाळाचं गोडं पाणी पिपात भरायचं, इंजिन त्यात उभं करायचं, चालू करायचं. गडबड न्हाई. तापल्याबिगर आतलं मीठ सुटत न्हाई, म्हणायचा. बाजूनं पाण्याची बारीक धार निघायची, ती जिभेला लावून बघायचा. खारट. पाणी बदल. परत खारट. परत बदल. अळणी लागली, की मगच थांबायचा. गंजलेल्या बोल्टावर तेल सोडून सांज होईस्तोवर बसून राहायचा, जोर करायचा न्हाई. बाहेर पाऊस, आत धूर, आणि मी अर्ध्या झोपेत विचारायची, अण्णा, काय करतोस?

"हळू गे. निजलंय ते. समुद्र बघतंय."

मला खरंच लाटा ऐकू यायच्या. अजून येतात.

यंदा पंचमीच्या आदल्या दिवशी इंजिन खोललेलं होतं. अण्णाच्या छातीत कळ आली. जीप जोयड्याच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच तो गेला. चुलीजवळ पोत्यावर मांडलेले सगळे भाग तसेच राहिले. दत्तूभाव आले, पोटभर रडले, आणि म्हणाले, इंजिन आता कायमचं खालीच नेतो, वैनीला त्रास नको. चांगल्या मनानंच बोलले. पण मंडळी, भाऊ गेल्यावर बहिणीनं कुणाकडं यायचं? इंजिनाचं माहेर तुटलं, तसं माझं बी तुटलं, असंच वाटलं मला.

काल सकाळी पारूवैनी उठली. अण्णाची ही बायको, चारचौघात कधी बोललेली न्हाई. पोत्यापाशी बसली आणि एकेक भाग पुसून जोडाय लागली. इतकी वर्षं पिपात पाणी कोण ओतत होतं? तीच. अण्णानं आणून ठेवलेला जस्ताचा नवा तुकडा बसवला. खारं पाणी आधी त्या जस्ताला खातं, म्हणून इंजिन वाचतं. मग पीप भरलं, दोरी ओढली. दुसऱ्यांदा ओढली. चालू झालं. पाणी बदलत राहिली, धार जिभेला लावत राहिली, आणि शेवटाला दत्तूभावांना म्हणाली, "अळणी हाय. न्या आता. पण फुडच्या पावसाला हितंच आणा."

मग माझ्याकडं वळली.

"आणि वन्सं, तुमी बी."

मंडळी, इंजिन बाहेर जीपमध्ये ठेवलंय. सभा संपली की घाट उतरंल. आता सगळे उभे राहूया. थोडा वेळ कुणी बोलू नका. व्हाळ वाहतोय, तेवढा ऐकूया.

निज तू, अण्णा. समुद्र बघ. पंचमीला मी येते.