लायब्ररी कोनाच्या घरात?

कोनीच इश्वास ठेवला नाही माह्यावर! एकानंही नाही! मी गळा फोडून सांगून राह्यली का होती, लायब्ररी तठीच होती, माह्या डोळ्यानं पाह्यली... अन् समदे म्हनते, "नाही हाये." नाही कशी? मांजर नेते का तिले?

तुमी म्हनसान, ब्लाऊज शिवनाऱ्या बाईले लायब्ररी कायले पाह्यजे? पुस्तकाची नाही बाप्पा! घरी माही भरतकामाची मशीन हाये, कम्प्युटरवर चालनारी. कम्प्युटरात डिझाइन उघडलं का मशीन टकटक टकटक मोर काढते. तर तो डिझाइनचा प्रोग्रामच पडला बंद. चोरीचाच होता म्हना, कवातरी पडनारच. पन पडावा कवा? माही चुलत जाऊ शीला, तिच्या निताचं परवा लगन, अन् पोरीले पाठीवर मोर पाह्यजे! मीच छाती ठोकून म्हनली होती, "मंगरूळपीरले कायले देतं वं शिवाले, मी मेली का?" आता मोर नाही निघाला तं नवरी सपाट पाठीनं उभी राहीन, अन् सारं कामरगाव अक्षता टाकाच्या वक्ती माह्या तोंडाकडं पाहीन!

शीलाचा भाचा करन, पुन्यात कम्प्युटरचं काम करते, तो आला. म्हने, "काकू, फुकटचा प्रोग्राम हाये, सोर्स भेटते. म्हंजे कापड भेटते, शिवा आपल्याले लागते." मंग काय, मले समजलंच! त्यानं कापड भरलं, लायब्रऱ्या भरल्या, अन् शिवन अर्धी टाकून निंघाला ना! सुट्टी सरली म्हने, लगनालेही थांबत नाही, बाकीचं फोनवर सांगतो!

लायब्ररी म्हंजे अस्तर, हुक, लेस... दुसऱ्यानं करून ठेवलेला जिन्नस. तो नसला का प्रोग्राम शिवल्या जात नाही. अन् तो कम्प्युटर! अस्तर नाही म्हनून बोंबलला, अस्तर देल्लं. मंग हुक नाही! हुक देल्ला, तं लेस कुठी हाये? अरे, मांडवातला रुसलेला जावाई परवडला, तो एका अंगठीवर तरी मानते!

देता देता एक राह्यली, दोऱ्याच्या रंगाची. म्हने सापडत नाही. मी उघडून पाह्यलं... होती, तठीच होती! करन म्हने, "फोटो पाठवा." कायचा फोटो? माह्याजवळ बटनाचा फोन, मोठा फोन यायच्या, म्हंजे माह्या मालकाच्या खिशात, अन् हे पानटपरीवर. मंग करन म्हने, "तिचा पत्ता वाचून दाखवा काकू, कोनतं घर, कोनती खोली." चवथी पास हाये मी, पन एबीसीडी मशीननं शिकवली मले. वाचलं. "होम"... जराशी थांबली... मंग "लायब्ररी". त्यानं तोच पत्ता परत सांगतला, तसाच मी बोटानं दाबला. नाही! पुन्हा वाचलं, पुन्हा थांबली, पुन्हा नाही!

करन म्हने, "काकू, तुमी डिलीट केली असन." शीला म्हने, "तुह्याच हातानं उडाली वं माय, पोरीचं कसं होईन!" अन् हे आले टपरीवरून पान चावत, "तुले कोनं सांगतलं होतं हात लावाले?" मले! माह्या मशीनीले! म्हटलं मोठा फोन तरी द्या, तं म्हने "बॅटरी उतरते," अन् चालले गेले. होती हो, तठीच होती! पन आयकते कोन?

आखरीले करनच्या डोक्यात उजेड पडला. "काकू, होमच्या पुढं तुमी थांबता काहून? मधात काई लिवलं हाये का?"

हाये ना! यायचं नाव हाये! कम्प्युटर आला माह्या शिलाईवर, अन् आल्या दिवशी खुर्चीवर बसून यायनं पह्यलं काम काय केलं? सोताच्या नावाचं घर बांधलं त्याच्यात! माहे सारे मोर त्या घरात. अन् नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्यावं? आयुष्य कमी होते त्यायचं! बाई थांबली का समोरच्यानं समजून घ्या लागते. कंडक्टर समजून घेते, डाकवाला समजून घेते, त्या डब्ब्यालेच काय झालं?

"मले काकाचं नाव नाही मालूम," करन म्हने, "अक्षरं सांगा." अक्षरं सांगनं म्हंजे नावच, हप्त्यानं! "बरं, सांगू नका, टाइप करा." म्हंजे तोंडानं नाही अन् दाही बोटानं घेऊ? म्हटलं शीले, तूच सांग वं. तं शीला पदर तोंडाले लावून म्हनते, "अवो बाई, ते मले भासरे लागते, नवऱ्याचे मोठे भाऊ, मी कशी नाव घेऊ?" घ्या! पोरीले हळद लागून राह्यली, अन् इले भासरा सुचते!

मंग तीच म्हने, "उखान्यात घे ना! उखान्यात चालते!"

बसली खुर्चीवर. डोक्यावर पदर घेतला. आयुष्य कमी होईन तं होवो थोडंसं, तसंही टपरीवरच चाललं ते. म्हटलं, आयक रे करन, एकदाच घेतो, पुन्हा इचारू नको:

"मोर अडला कम्प्युटरात, त्याले सापडेना गाव,
मशीन माही, मेहनत माही, अन् आडवे कोन आले? गुलाबराव!"