म्हशींच्या गावात दुधाची पावडर

...आता मला एक सांगा, न्हाय, तुमीच सांगा, ज्या गावात माणसांपरास म्हशी जास्त, ज्या गावात कुत्रं बी सकाळी ताक पिऊन मगच भुंकायला बसतं, त्या गावात दुधाची पावडर विकायला माणूस धाडणाऱ्या कंपनीला काय म्हणायचं? मोठी कंपनी हाय, मी नावं ठेवत न्हाय! पर काय म्हणायचं?

तर तुमाला सांगतो, मी पुण्याच्या कॉलेजात मार्केटिंग शिकायला हुतो. नव्वदच्या पुढची सालं, जो उठंल तो मार्केटिंग म्हणायचा आन् टाय बांधायचा. आमच्या कॉलेजचा नियम असा, की शेवटचं वरीस एका मोठ्या कंपनीत इक्री करायची. तितल्या साहेबानं ‘पोरगं बरं हाय’ असं लिहून दिलं तर पास, न्हायतर वरीस वाया. आन् आमच्या आप्पांनी, म्हंजे वडलांनी, बारामतीच्या एसटी स्टँडवर समद्या लोकांम्होरं सांगितलेलं, "संभा, हे वरीस गेलं तर परत पुण्याचं नाव काढायचं न्हाय. गोठ्यात दावं टांगून ठेवलंय." दावं म्हशीचंच हो! पर त्यांनी ते अशा आवाजात सांगितलं, की मला उगंच गळ्याला हात लावून बघावं वाटलं.

कंपनीचे साहेब मुंबैचे. भिंतीवर नकाशा, हातात छडी. "देखो संभाजी, तुम्हारा ये बारामती, ये इंदापूर... इधर का आदमी दिनभर चाय पीता है! चाय मतलब दूध, दूध मतलब हमारा पावडर!" आन् धाडदिशी टेबलावर मूठ. मी म्हणायला गेलो, "साहेब, पर तितं म्हशी..."

"नो निगेटिव्ह थिंकिंग!"

झालं! म्हैस म्हंजे निगेटिव्ह थिंकिंग! 

निघालो. पहिलं गाव पणदरे. वैशाखाचं ऊन, गळ्यात टाय, खांद्याला पुड्यांची पिशवी. प्रयागबाई म्हणून एक मावशी, गोठ्यात धार काढत बसलेली. मी आपलं कॉलेजात शिकवल्यासारखं दात दाखवून म्हणलं, "मावशी, ही पावडर बघा. पाण्यात कालवली की दूध तयार!" मावशीनं पुडी उलटी केली, सुलटी केली, वास घेतला, मग म्हशीकडं बघितलं. म्हशीनं माझ्याकडं बघितलं. आन् मावशी लई शांतपणानं म्हणली,

"मग आमच्या म्हशीनं काय करायचं?"

आता ह्याला उत्तर काय? आं? कॉलेजात समदी उत्तरं पाठ करून घेतलेली. गिऱ्हाईक महाग म्हणलं तर हे सांगा, नंतर बघू म्हणलं तर ते सांगा. म्हशीचं कुणी सांगितलंच न्हाय! तवर मावशी, "उन्हाचा आलायस, बस, च्या टाकते." च्या कसला तो, नुसती साय! न्हाय म्हणावं तर आमच्याकडं तसाच उठून गेलेला माणूस त्या घराशी वाकडा समजत्यात. म्हणून पेलो. शेजारच्या घरात गेलो, तितं बी "मग म्हशीनं काय करायचं?" आन् बस, च्या घे. पल्याडच्या आळीला गेलो, तितं तेच. सबंध पणदऱ्याचा च्या माझ्या पोटात, आन् पावडर पिशवीत जशीच्या तशी! विकायला गेलेला माणूस गावाला पाहुणचाराला लावून परत आला, आता बोला!

मग शेळगाव. तितं गेणबानानांचं दुकान. नाना म्हणले, "ठेव की रं, घरचाच हाय की तू." पुढच्या खेपेला गेलो. "नाना, खपली का?"

"खपली की एक पुडी."

मी हरखलो. "कुणी नेली?"

"मांजरानं."

"म्हंजे मांजराला आवडली तरी!"

"कुठली आवडती! फाडली, हुंगली आन् टाकून गेलं. त्याच्या मालकिणीकडं म्हैस हाय."

घ्या! आन् इकडं एसटीडी बूथवर साहेबाचा आवाज कानात, "संभाजी, फिगर! फिगर क्या है?" काय सांगू? मांजर सांगू? आमच्या आज्यानं मेंढरं राखली, आप्पांनी म्हशी राखल्या, आन् मी शिकूनसवरून पावडर राखत बसलोय! खरं सांगतो, बूथमधून बाहेर आलो आन् इंदापूरच्या भर बाजारात रडायला आलं मला. पेढ्याच्या दुकानाम्होरं उभा राहून रडलो, तर दुकानवाला म्हणला, "नापास झालास व्हय?" अजून न्हाय, म्हणलं... अजून न्हाय.

तर सणसरच्या पुढं एक वाडी हाय. नाव सांगत न्हाय, आत्या दिलीय तितं. द्वारकाआत्या. तिच्या ओट्यावर पिशवी टाकली आन् म्हणलं, "आत्या, माझं वरीस चाललं." आत्यानं पुडी फोडली, जिभेला लावली, डोळं बारीक केलं. "पाण्यात घट्ट हुती का रं?"

"लई घट्ट."

"मग ठिव समदी."

मी म्हणलं, बघा, आत्याची माया! पुढच्या आठवड्यात आत्याचाच निरोप, अजून आण, शेजारणी बी मागत्यात. मग काय विचारता! पिशवीचं पोतं झालं, पोत्याचा टेम्पो झाला. मी टाय धुऊन बांधला. साहेब फोनवर "शाब्बास! शाब्बास!" आन् मी आपला छाती काढून हिंडतोय, की बाबा, मार्केटिंग म्हंजे काय ते आता कुठं कळलं!

एक दिवस सकाळच्या पारी गेलो. आत्या ओट्यावर. म्होरं दुधाची बादली, बादलीत आमची पावडर, आन् आत्या रवीनं घुसळतीय.

"आत्या, हे काय?"

"दूध."

"कशात?"

"दुधात."

आता तुमाला कळावं म्हणून सांगतो. त्या वाडीचं दूध टँकरनं जायचं, आन् टँकर कुणाचा? आमच्याच कंपनीचा! टँकरवाला दुधात काचेची नळी सोडून डिग्री बघायचा. दुधात पाणी घातलं की डिग्री पडायची, दूध परत. "आन् तुझी पावडर घातली की कशी ताठ उभी ऱ्हाती बघ!" आत्या कौतुकानं म्हणली. "पाणी किती बी घाल, टँकरवाला हूं का चूं करत न्हाय. लई गुणाची पावडर!"

"आत्या, पाप हाय हे!"

"पाप कसलं रं? दुधात दूधच घालतीय की मी! आन् तुझं वरीस काय म्हशीनं काढून द्यायचं व्हय?"

मी बोटावर हिशेब मांडला. वाडीचं दूध टँकरनं कारखान्यात जायचं, त्याची पावडर व्हायची, ती पावडर मी टेम्पोनं वाडीत आणायचो, ती दुधात जायची, ते दूध टँकरनं कारखान्यात जायचं, त्याची पावडर व्हायची... आरं, थांबा की कुणीतरी! ह्यात दूध कुठं हाय? आन् मग आमच्या म्हशीनं काय करायचं?

साहेबाला फोन लावला. "साहेब, एक सांगायचं हुतं..." "संभाजी, मैं खुद आ रहा हूँ!" खट. आता सांगितलं तर वरीस गेलं, दावं आलं. न्हाय सांगितलं तर साहेब येऊन बादली बघतोय!

आले साहेब. पांढरी गाडी, काळा चष्मा. आत्याच्या ओट्यावर घोंगडी टाकली, साहेब मांडी घालता येईना म्हणून अर्धं लवंडले. "आंटीजी, हमारे पावडर की चाय पिलाओ!" आत्या आत गेली. जरा वेळानं मी मागनं गेलो, तर ही धार काढून ताजं दूध घेऊन आलेली, थेंबभर पाणी न्हाय त्यात! म्हणलं, "आत्या, पावडरीचा मागितलाय!" आत्या खवळली. "भाच्याचा साहेब पहिल्यांदा दारात आला, त्याला पावडरीचा च्या देऊ? वाडी तोंडात शेण घालंल माझ्या!"

साहेबांनी घोट घेतला. डोळं मिटलं. दुसरा घोट घेतला. "वाह! ये हमारा पावडर है? मुंबई में तो ऐसा कभी नहीं लगा!" मी तोंड उघडलं, तर आत्यानं माझ्या पायाच्या बोटावर टाच दिली. "अजून घ्या सायेब, लाजू नगा." साहेबांनी तिथंच, घोंगडीवर, लिहून दिलं... पोरगं लई बरं हाय.

पास झालो. आप्पांनी गावभर पेढं वाटलं, डोळ्याला धोतराचा सोगा लावला, म्हणलं, "संभा, सुटलास बाबा दाव्यातनं." पेढं कशाचं हुतं, ते मी इचारलं न्हाय.

आन् कंपनीनं नोकरी बी दिली. झालं काय, की कारखान्याला संशय आला, ह्या भागातल्या दुधात कायतरी घालत्यात. मग साहेब म्हणले, तितलाच माणूस पायजे, माहितीतला! कोण? संभाजी! आता सकाळी मी टँकरवर उभा ऱ्हायचो आन् दुधात पावडर कोण घालतंय ते धरायचो. दुपारनं त्याच वाडीत जाऊन पावडर विकायचो. टार्गेट दुप्पट! धरलं तर खप पडतोय, सोडलं तर दूध बिघडतंय, आन् दोन्ही बातम्या एकाच साहेबाच्या टेबलावर! पहिल्याच दिवशी रांगेत पहिला कॅन कुणाचा? आत्याचा! "बघ की डिग्री, बघ. घरचाच हाय की तू!"

परवा पणदऱ्यातनं चाललो हुतो, प्रयागबाईनं गोठ्यातनं हाक मारली, "काय रं टायवाल्या, आमच्या म्हशीनं काय करायचं, ते ठरलं का न्हाय?"

म्हणलं, मावशी, म्हशीचं बरं चाललंय. वैरण खाती, धार देती, निवांत रवंथ करत बसती. मी काय करायचं, तेवढं तिला इचारून सांगा!