नाव घ्या

डॉक्टर कधी घाबरतात का, म्हणून विचारता? भुकूम गावच्या शाळेत मी कसा घाबरलो होतो, ते ऐका.

आणीबाणी नुकतीच उठली होती, आणि नसबंदीच्या धास्तीनं लोक अजून डॉक्टरांना बिचकत होते. लहानपणापासून इंग्लंडात शिकलेला मी, आणि माझ्या आग्रहाखातर सुट्टी काढून आलेला टॉम, भूल देणारा डॉक्टर. आम्ही तिथं फुकट ऑपरेशनचं शिबिर लावलं होतं. पहिलाच पेशंट किसन. हर्नियाचं ऑपरेशन छान झालं, पण गडी शुद्धीवर येईना. नाडी ठीक, श्वास ठीक, डोळे मात्र मिटलेले. टॉम पुन्हा पुन्हा त्याच्या पापण्या उघडून बघत होता. व्हरांड्यात कुजबुज सुरू झाली, "ग्येला जणू!" हा गेला, तर या गावात पुन्हा कुणी डॉक्टरला अंगाला हात लावू देणार नव्हतं.

ओळखीचा आवाज कानावर पडावा म्हणून मी त्याच्या बायकोला आत बोलावलं.

"अवं, उठा की!" ती पायाशी उभी राहून म्हणाली.

"अशानं नाही उठणार. नाव घ्या त्यांचं!"

"हितं? समद्यांम्होरं?"

"अहो बाई, घ्या लवकर!" मी ओरडलोच.

तिनं डोळे पुसले, पदर डोक्यावर ओढला आणि कापऱ्या आवाजात म्हणाली,

"नदीच्या पाण्याला दगडी घाट, किसनरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट."

टॉमनं हळूच विचारलं, "ही प्रार्थना आहे का?"

मी उत्तर देणार, तोच टेबलावरून घोगरा आवाज आला, "ह्यो लगनातलाच हाय. दुसरा येत न्हाई व्हय गं तुला?"